समुद्रावरून येताना हाताला काय लागलं? (अनुभव धागा)

बाबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरायला मला दीड वर्ष लागलं. सगळ्यात खालच्या कप्प्यात जलरंगातल्या चित्रांचा गठ्ठा निघाला. 41 चित्रं, आणि सगळ्यांत तोच एक खडक, तीच वाळूची पट्टी. दर सुट्टीत आम्ही जायचो त्या किनाऱ्यावरची. आम्ही पाण्यात खेळायचो तेव्हा बाबा लांब नुसते बसून असतात असंच मला लहानपणी वाटायचं. चित्रं उलटी केली, तर प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, भरती की ओहोटी. बाकी एक अक्षर नाही.

नंतर वाचनात आलं, की इंग्लंडमध्ये जॉन कॉन्स्टेबल यांनी 1821-22 मध्ये ढगांचे अभ्यास भराभर रंगवले, तेव्हा त्यांच्याही मागे तारीख, वेळ आणि वारा अशाच नोंदी केल्या होत्या. बाबांना हे ठाऊक होतं का, हे विचारायला आता उशीर झाला.

मीही चित्रं काढते. खरं तर काढायचे. गेले कित्येक महिने कागद समोर घेते आणि परत ठेवून देते. म्हणून तुम्हाला विचारावंसं वाटलं. बदलत्या ऋतूत पाहिलेली एखादी जागा, समुद्रकाठचा एखादा प्रवास, यातून तुमच्या कामात नेमकं काय उतरलं? चित्र, फोटो, कविता, विणकाम, काहीही. सूर्यास्त सुंदर होता, इथे थांबू नका. त्यानंतर हात कसा चालला ते सांगा.

धुकं

फार जवळचा विषय काढलात. हिवाळ्यात आठवडाभर एकटीच समुद्रकाठी राहिले होते. डोक्यात उन्हाळ्यातलं निळं पाणी, त्यामुळे पेटीत भरले तेही निळे आणि हिरवे. आणि पहिले चार दिवस नुसतं धुकं. समुद्र दिसेचना, फक्त ऐकू यायचा.

तिसऱ्या दिवशी चिडून कागद ओला केला आणि करडा रंग सोडला. घरी दहा मिनिटांत वाळणारा वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) तिथल्या दमट हवेत पाऊण तास झाला तरी ओलाच. खडकाची कड काढायला जावं, तर ती पसरायची. दोन कागद फाडले. तिसऱ्या वेळी मान वर केली, तर समोरच्या खडकालाही कड नव्हतीच. तो हवेत विरत होता, अगदी माझ्या कागदावर विरत होता तसाच. मग मी ब्रश खाली ठेवला आणि पाणी काय करतंय ते बघत बसले. त्या आठवड्यात विकतचा करडा वापरलाच नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी एकत्र करून कधी निळ्याकडे झुकवायचा, कधी तपकिरीकडे. फक्त या दोन रंगांत सहा चित्रं झाली. इतकी वर्षं रंगवतेय, पण करड्यामध्ये एवढं ऊन आणि एवढी थंडी मावते हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

एका चित्राला वाळू चिकटली होती. खरवडायला घेतली आणि आठवलं, फ्रेंच चित्रकार मोने यांचं फ्रान्समधल्या त्रुव्हिलच्या किनाऱ्यावरचं 1870 सालचं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्याच्याही रंगात वाळूचे कण अडकलेले आहेत. राहू दिली.

अर्धविराम

माझं काम शब्दांचं. वादळी दिवसांत समुद्राकाठी गेले होते, तेव्हा वहीत एकही विशेषण लिहायचं नाही असं ठरवलं. फक्त क्रियापदं. लोटते, आपटते, विस्कटते, थबकते, चाटते, ओढून नेते. गोट्यांच्या किनाऱ्यावर परतणारी लाट खळाळते, वाळूवरून तीच लाट नुसती झिरपते. दोन पानं भरली. कविता सहा महिन्यांनी झाली, त्यात समुद्र हा शब्दसुद्धा नाही, आईच्या आजारपणाची आहे ती. पण चाल त्या परतणाऱ्या लाटेची आहे, हे मला पक्कं माहीत आहे.

निळा कागद

मी सायनोटाइप करते. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचं द्रावण अंधाऱ्या खोलीत कागदाला लावायचं, वाळवायचं, वर एखादी वस्तू ठेवून उन्हात धरायचं, मग साध्या पाण्यात धुवायचं. जिथे ऊन पोचलं तिथे गडद निळा, वस्तूखाली पांढरा. जॉन हर्शेल यांनी ही पद्धत 1842 मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षापासून अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी समुद्रशेवाळाचे असे ठसे घेऊन संग्रह करायला सुरुवात केली. ते ठसे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा रात्री झोप आली नाही. इतकी नाजूक वनस्पती आणि तिचं चित्र तिनं स्वतःच काढलेलं!

ओहोटीनंतर वाळूवर पडलेलं शेवाळ गोळा करते. खडकाला धरलेलं कधीच तोडत नाही. उन्हाळ्यात काही मिनिटांत ठसा उमटतो, कडा सुरीसारख्या. हिवाळ्यातलं ऊन कमजोर, कागद बराच वेळ बाहेर ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात ओलं शेवाळ सुकत जातं, आकसतं, आणि कडेला दुहेरी, पुसट रेघ येते. आधी मी असे कागद बाद करायचे. आता मुद्दाम थंडीत जाते, कारण त्या पुसट रेघेत अख्खी दुपार दिसते. एकाच जागचं शेवाळ, उन्हाळ्यातला ठसा आणि हिवाळ्यातला ठसा, शेजारी शेजारी भिंतीवर लावलेत.

हा रंग म्हणजे प्रशियन ब्लू. जपानी चित्रकार होकुसाई यांच्या सुमारे 1831 सालच्या प्रचंड लाटेच्या लाकडी ठशातल्या चित्रातही तोच निळा आहे. ती लाट कोरून घेतली तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती.

बांधावरचा

समुद्र मी आयुष्यात दोनदाच पाहिला, त्यामुळे लिहू की नको असं वाटत होतं. पण ऋतूंबद्दल सांगण्यासारखं आहे.

बांधावरचं एक झाड मी वर्षभर दर रविवारी काढलं. मोने यांनी 1890-91 मध्ये गवताच्या गंजींची सुमारे 25 चित्रं केली, उन्हात, बर्फात, संध्याकाळी, त्यावरून हे सुचलं. पहिले दोन महिने कंटाळा आला, मग झाड उघडायला लागलं. पानगळीत पिवळं झालं तेव्हा मी कौतुकानं तो पिवळा शोधत होतो. नंतर कळलं की पानात तो रंग आधीपासूनच असतो. पान गळायच्या आधी हिरवं हरितद्रव्य मोडतं आणि खालचा पिवळा उघडा पडतो. (काही झाडांचा लाल मात्र त्या दिवसांत नव्यानं तयार होतो.) तेव्हापासून भर वसंतातलं हिरवंगार झाड रंगवायचं असलं, तरी खाली पिवळ्याचा पातळ थर आधी देतो, वर हिरवा. कुणाला दिसत नाही. पण पान जिवंत वाटतं.

अर्धा तास

फोटोग्राफर आहे. सगळ्यांनाच एक कळकळीचं सांगणं, समुद्रकाठी जाताना भरतीची वेळ बघून जा.

एका खडकाळ खाडीत ओहोटीला मस्त फोटो मिळाले, म्हणून बरोबर आठवड्यानं पुन्हा गेलो, तशाच वेळी. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आठवड्यानं, ज्या वेळी ओहोटी होती त्याच वेळी जवळपास भरती येते, हा हिशोब तेव्हा माझ्या गावीही नव्हता. टोकाच्या खडकावर चढलो, कॅमेऱ्यात डोळा घातला, आणि मागची वाट पाण्याखाली गेली. भरतीच्या मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यात वेगानं चढतं. बॅग डोक्यावर धरून साडेतीन तास उभा होतो. मोने यांच्यावर 1885 च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर एत्रताच्या कड्याखाली असाच प्रसंग आला होता. भरतीची वेळ चुकीची वाचली, लाटेनं त्यांना कड्यावर आपटलं, चित्र आणि सामान समुद्रात गेलं, ते थोडक्यात बचावले.

भीती ओसरल्यावर बघण्याशिवाय काही करता येईना. समोरचा एक सुळका हळूहळू बुडाला आणि हळूहळू वर आला. त्याआधी मी उसळलेल्या लाटेचा एक क्षण पकडायला धावायचो. आता किनाऱ्यावर सुरक्षित उंचीवर तिवई रोवतो आणि दर अर्ध्या तासानं एक फोटो, दिवसभर. माझं सगळं चांगलं काम त्या सुळक्यापासून सुरू झालं.

धोटा

मी विणकर. मला प्रवासात काहीच सुचत नाही, हे इथे कुणीतरी म्हणायला हवं. पाच दिवस समुद्रापुढे बसले, वहीत एक रेघ नाही, फार खंत वाटली. तीन महिन्यांनी मागावर ताणा भरताना हात आपोआप ओल्या वाळूच्या रंगाकडे गेला, मग सुक्या वाळूच्या, मग मध्ये फेसाची एक बारीक पांढरी ओळ. लाट जिथवर येऊन गेली तिथवरची ओली कड. तेवढंच माझ्यात राहिलं होतं, पट्टे. ताई, कागद कोरा असेल तर असू द्या. बघितलेलं कुठे जात नाही.

क्षितिजरेषा

चित्रकला शिकवतो, म्हणून छोटीशी भर. समुद्राचं क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला दिसतं. उभं राहिलात तर ते सुमारे 5 किलोमीटरवर असतं, वाळूत बसलात तर 3 च्या आसपास. त्यामुळे खडक क्षितिजाच्या वर किती आला आहे यावरून तुमचे बाबा बसून काढत होते की उभ्यानं, हे प्रत्येक चित्रात ओळखता येईल. आणि ती 41 चित्रं तारखेनं लावू नका, ऋतूनं लावा.

धागाकर्ती

सगळ्यांचं दोनदा वाचलं. धोटा, तुमची शेवटची ओळ घेऊन झोपले. क्षितिजरेषा सर, तुमचं ऐकलं.

चित्रं जमिनीवर ऋतूनं मांडली. खडक प्रत्येक ओळीत वेगळ्या उंचीचा निघाला. शांत दिवसांतल्या चित्रांत बुटका, वादळी महिन्यांतल्या चित्रांत जवळजवळ दुप्पट. आधी वाटलं, बाबांचं प्रमाण चुकलंय. मग शोधलं, तर वादळी लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात, शांत महिन्यांत लाटा तीच हळूहळू परत आणून टाकतात. म्हणजे बाबा खडकाचा पायथा उघडा पडताना आणि पुन्हा पुरला जाताना काढत होते. वर्षानुवर्षं. आणि क्षितिज सगळीकडे खाली आहे. बसूनच काढायचे.

काल गेले. त्याच जागी वाळूत बसले. दोन तास लागले, लाट अजून कडक आलीय, फेसाला जागा सोडायला विसरले. चित्र वाळल्यावर उलटं केलं आणि मागे पेन्सिलीनं तारीख, वेळ, वारा नैऋत्येचा, ओहोटी असं लिहिलं. त्याखाली एक ओळ जास्त लिहिली, बाबांनी कधी लिहिली नव्हती ती. पायथ्याशी वाळू अजून आलेली नाही.