सीओपीडीच्या रुग्णाला घरी प्राणवायू देताना शुश्रूषा कशी करावी?

प्रश्न : लष्करची (ग्वाल्हेरमधला एक भाग) सून, ग्वाल्हेर

नमस्कार. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार आहे. त्यांनी विडीला कधी हात लावला नाही. पण लग्नानंतरची पंचवीसएक वर्षे त्या आमच्या जुन्या दगडी वाड्यात, एकच झरोका असलेल्या स्वयंपाकघरात, चुलीपुढे बसून मोठ्या कुटुंबाचे रांधत होत्या. दम्यासारखा त्रास त्या धुरानेच जडला, असे डॉक्टरांचे मत आहे.

गेल्या महिन्यात धुके पडू लागले तसा त्यांचा श्वास वाढला आणि त्यांना एका खासगी रुग्णालयात ठेवावे लागले. घरी सोडताना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला प्राणवायू वेगळा करून नळीने देणारे यंत्र) घ्यायला सांगितले व कागदावर ‘२ लिटर, ८८ ते ९२’ एवढेच लिहून दिले. त्याचा अर्थ कोणी समजावला नाही आणि घाईत आम्हीही विचारला नाही. चौथ्या रात्री बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ८९ दिसले. कोविडच्या दिवसांत आकडा ९४ च्या खाली गेला की धावपळ करायची, हे आमच्या मनात इतके पक्के बसले होते की धाकट्या भाऊजींनी यंत्राच्या काचनळीतली, किती प्राणवायू जातो ते दाखवणारी गोळी सरळ ५ वर नेऊन ठेवली. आकडा ९७ झाला आणि आम्ही सगळे निश्चिंत झोपलो. सकाळी आईंना जागे करणेच कठीण झाले. डोके दुखते म्हणाल्या, चहाची कपबशी हातात देताच मनगट झटके दिल्यासारखे खाली पडू लागले आणि मला त्यांनी नणंदेच्या नावाने हाक मारली. पुन्हा रुग्णालय, दोन दिवस बायपॅप (मुखवट्यातून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारे यंत्र), आणि आता परत घरी. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला होता, असे या वेळी सांगितले.

भाऊजी अजून स्वतःला दोष देत आहेत. माझा प्रश्न असा की, आकडा चांगला असताना माणूस बिघडतो कसा, आणि मी घरी रोज नेमके काय पाहावे? औषधांचे डॉक्टर पाहतीलच. मला शुश्रूषेचे विचारायचे आहे.

उत्तर १ : निवृत्त परिचारिका, इंदूर

ताई, तुमच्या भाऊजींना प्रथम सांगा की ही चूक मी प्रशिक्षित माणसांच्या हातूनही होताना पाहिली आहे. छातीच्या वॉर्डात मी अनेक वर्षे काढली, त्यातून आलेले लिहिते.

प्राणवायू हे औषध आहे आणि त्याला मात्रा आहे. कागदावरचे ‘२ लिटर’ म्हणजे मिनिटाला दोन लिटर प्राणवायू, आणि ‘८८ ते ९२’ म्हणजे ऑक्सिमीटरवरचा टक्क्यांतला आकडा त्या दरम्यान ठेवायचा. सीओपीडीच्या काही रुग्णांच्या फुफ्फुसांत काही भागांत हवा नीट खेळत नाही आणि शरीर तिकडचा रक्तप्रवाह आपणहून कमी करून निभावून नेत असते. बाहेरून भरपूर प्राणवायू दिला की ती व्यवस्था मोडते, रक्त पुन्हा त्या निकामी भागांकडे वळते, श्वासाची प्रेरणाही काहीशी मंदावते, आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर न पडता साचत जातो. ऑक्सिमीटर फक्त प्राणवायू मोजतो. साचलेला वायू त्याला दिसत नाही. म्हणूनच ९७ आकडा असताना आईंना जाग येत नव्हती. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात रुग्णवाहिकेतून नेल्या जाणाऱ्या ४०५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात सरसकट जोराचा प्राणवायू दिलेल्यांपेक्षा ८८ ते ९२ च्या मर्यादेत दिलेल्यांचे मृत्यू निम्म्याहून कमी होते. तुमच्या कागदावरचे आकडे अशा अनुभवांतून आले आहेत. तेव्हा ८९ हा आईंसाठी चांगला आकडा होता.

आता रोज काय पाहावे ते. ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी बोट चोळून गरम करा. तुमच्याकडच्या थंडीत गार बोटावर आकडा खोटा येतो, नखांवर मेंदी किंवा रंग असला तरी येतो. लावल्यावर मिनिटभर थांबा आणि मगच वाचा. पण त्याआधी यंत्राविना पाहायचे असते. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, आणि मोजते आहे असे त्यांना कळू देऊ नका, कारण कळले की श्वासाची लय बदलते. आम्ही नाडी पाहिल्यासारखे मनगट धरून ठेवायचो आणि नजर पदराच्या हालचालीवर ठेवायचो. गळ्याच्या खळग्या आत ओढल्या जातात का, मानेचे स्नायू ताठ होतात का, ओठांचा रंग कसा आहे, कफ किती पडला आणि त्याचा रंग कालच्यापेक्षा पिवळा-हिरवा झाला आहे का, हे वहीत एका ओळीत लिहा. आणखी एक सोपी गोष्ट : रोज सकाळी त्यांना एका दमात एक, दोन, तीन असे आकडे म्हणायला सांगा. किती येतात याला महत्त्व नाही. रोज चौदापर्यंत जाणारी बाई एखाद्या दिवशी सातवर थांबली, तर ऑक्सिमीटरने काही सांगण्याआधीच तुम्हाला कळलेले असते.

नेहमीपेक्षा जास्त गुंगी, बरळणे, सकाळची डोकेदुखी, हाताचे झटके, वाक्य पूर्ण न करता येणे, किंवा सांगितलेल्या मात्रेवर स्वस्थ बसून असतानाही ८८ च्या खाली टिकून राहणारा आकडा, यांपैकी काहीही दिसले तर गोळी स्वतः वर नेत बसू नका. डॉक्टरांना फोन करा, आणि गुंगी किंवा निळेपणा असेल तर थेट १०८ ला. ‘सीओपीडी, कार्बन डायऑक्साइड साचतो, लक्ष्य ८८ ते ९२’ असे ठळक लिहिलेला कागद दाराशी चिकटवून ठेवा आणि तो रुग्णवाहिकेतल्या माणसाच्या हातात द्या. घाईच्या वेळी तोंडाने सांगितलेले कोणी ऐकत नाही.

कॉन्सन्ट्रेटरच्या गोळीचा मध्य रेषेवर असावा; वरची किंवा खालची कड धरून वाचू नये. नळी कानामागे घासून जखम करते, तिथे कापसाची किंवा मऊ कापडाची घडी ठेवा. नाक कोरडे पडले म्हणून व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावू नका, प्राणवायूजवळ तेलकट पदार्थ पेट घेऊ शकतो. औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारे जेल मिळते. देवघरातले निरांजन, उदबत्ती, गॅस, सगळे निदान तीन मीटर दूर.

नेब्युलायझरबद्दल (औषधाचे बारीक तुषार करून मुखवट्यातून देणारे यंत्र) थोडेच. आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारे औषध, नंतर स्टेरॉइडचे. ते झाले की चूळ भरायला लावा आणि मुखवट्याखालचा चेहरा पुसा, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. घरचा नेब्युलायझर हवेवर चालतो, तेच आईंसाठी बरे. त्या वेळी नाकातली नळी चालू राहू द्या.

उत्तर २ : वडिलांचा सेवेकरी, वडोदरा

सिस्टरांनी लिहिल्यावर शुश्रूषेत मी भर घालण्यासारखे फार नाही. मी वडिलांचे तीन वर्षे केले, त्यामुळे विजेबद्दल लिहितो, कारण आमची पहिली फजिती तिथेच झाली. पाच लिटरचे यंत्र साधारण ३०० ते ३५० वॉट वीज घेते. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी नवी असली तरी हिशेबाने पाच तास आणि प्रत्यक्षात चारच तास टिकेल असे धरा, तेही पंखे-टीव्ही बंद ठेवून. म्हणून एक बी-टाइप सिलिंडर भरून कोपऱ्यात, साखळीने भिंतीला बांधून ठेवावा. त्यात सुमारे १५०० लिटर वायू असतो. २ लिटरच्या मात्रेने तो बारा तासांवर पुरतो. रेग्युलेटर लावायचा सराव दिवसाउजेडी करून ठेवा. अंधारात, आई घाबरलेली असताना, पाना कुठे आहे हे शोधण्यासारखी शिक्षा नाही.

यंत्र भिंतीपासून आणि पडद्यापासून हातभर दूर ठेवा, जाळी आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, प्राणवायू ओलसर करणाऱ्या बाटलीतले डिस्टिल्ड पाणी रोज बदला. आणि ग्वाल्हेरच्या थंडीत एक होईल : लांब नळीत बाष्प गार होऊन पाणी साठते आणि रात्री गुडगुड आवाज येऊ लागतो. नळी काढून झटकली की भागते. पण पहिल्यांदा ऐकून मी छातीतलाच आवाज समजलो होतो.

उत्तर ३ : मावशी, ग्वाल्हेर

आमच्या घरी खोकल्याला निलगिरीचे तेल टाकून वाफ देत, त्याने कफ सुटतो. ती द्यावी का? शिवाय जानेवारीत रात्री पारा पाच-सहा अंशांवर जातो, दगडी वाडा तर बर्फच. आम्ही खोलीत कोळशाची सिगडी ठेवतो. तुमच्याकडेही असेलच.

उत्तर ४ : निवृत्त परिचारिका, इंदूर

मावशी, बरे झाले विचारलेत. सिगडी त्या खोलीत आणि बंद दारांआड अजिबात नको. एक तर प्राणवायूजवळ विस्तव. दुसरे म्हणजे कोळशातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो, आणि साधा ऑक्सिमीटर तो रक्तात चिकटलेला असतानाही प्राणवायूच समजून उत्तम आकडा दाखवत राहतो. पायांत लोकरी मोजे, दोन पातळ रजया, अंगावर न येईल असा तेलाचा रेडिएटर, आणि दुपारी ऊन असताना अर्धा तास खिडकी उघडी, एवढे करावे. आईंचा आजार ज्या धुराने आला तोच पुन्हा उशाशी कशाला?

वाफेने घशाला बरे वाटते, फुफ्फुसाच्या खोल नळ्यांपर्यंत ती पोचत नाही. उकळत्या पातेल्याने भाजलेल्या म्हाताऱ्या बायका मात्र मी पाहिल्या आहेत, आणि निलगिरीचा उग्र वास काहींचा श्वास आवळतो. डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घातली नसेल तर कोमट पाणी घोट-घोट द्या आणि कफ काढायला शिकवा. चष्म्याच्या काचा पुसण्यापूर्वी आपण त्यांवर ‘हाऽऽ’ करून वाफ सोडतो ना, तसाच तोंड उघडे ठेवून श्वास दोन-तीनदा जोराने सोडायचा, मग एकदा खोकायचे. सतत खोकत राहून रुग्ण दमतो आणि कफ तिथेच राहतो.

दम लागला की आडवे पाडू नका. खुर्चीवर बसवून पुढच्या टेबलावर उशी, उशीवर दोन्ही कोपरे, आणि ओठ शीळ घालण्यासारखे करून श्वास हळू सोडायला लावा. आत घ्यायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट सोडायला. चेहऱ्यावर छोटा पंखा धरला तर थंडीतही त्यांना बरे वाटेल. जेवण थोडे-थोडे, पाच वेळा. भरलेले पोट श्वासाच्या पडद्याला वर ढकलते. आंघोळ स्टुलावर बसून, आणि अंग पुसायला हात वर करायला लावण्यापेक्षा मोठा सुती पंचा गुंडाळून पाच मिनिटे बसवून ठेवा, तो आपोआप टिपून घेतो. प्राणवायू किती तास द्यायचा हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. कायमचा लिहून दिला असेल तर दिवसातले निदान पंधरा तास तो चालू असावा लागतो, दम लागला की दहा मिनिटे, असा नव्हे.

लष्करची सून, ग्वाल्हेर (नऊ दिवसांनी)

सर्वांचे आभार. सिगडी अंगणात गेली. भाऊजींनी गोळीच्या नळीशेजारी २ च्या रेषेवर लाल चिकटपट्टी लावली आहे आणि यंत्राला हात लावायचा अधिकार फक्त माझ्याकडे दिला आहे, त्यांनीच. दाराशी कागद लागला.

आई आकडे म्हणायला आधी तयार नव्हत्या, ‘मी काय बालवाडीत आहे का’ म्हणाल्या. आता स्वतःहून सकाळी वहीत पाहून कालच्या आकड्याशी चढाओढ करतात. रोज बारा-तेरापर्यंत जात होत्या. मंगळवारी आठवर थांबल्या, श्वास मिनिटाला २६ होता आणि कफ पिवळसर. ऑक्सिमीटर तेव्हाही ९० च दाखवत होता. वहीचे पान फोनवरून डॉक्टरांना पाठवले, त्यांनी त्याच दुपारी तपासून औषध सुरू केले आणि या वेळी भरती करावे लागले नाही. आज अकरा झाले. मेळ्याला न्याल का, असे विचारत आहेत. धूळ आणि गर्दी पाहता माझे मन होत नाही. पण डॉक्टरांना विचारते असे म्हणून तूर्त वेळ मारून नेली आहे. सिलिंडर लहान आकाराचा, खांद्याला अडकवता येईल असा, कोणी वापरला असल्यास कृपया लिहावे.