मदत हवी आहे: कथेतल्या ‘आम्ही’चं पुढे काय करू?

मंडळी, मालवणच्या किनाऱ्यावरच्या रापणीवर दीर्घकथा लिहितोय. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धवर्तुळ घेते, दोन्ही टोकांचे दोर सगळे मिळून किनाऱ्यावरून ओढतात, मासळीचे वाटेही ठरलेले. अशा कामाला एकटा निवेदक पटेना, म्हणून अख्खी रापण ‘आम्ही’ म्हणून बोलते. “जाळ्याला वजन आलंय ते डोळ्यांआधी आमच्या तळहातांना कळतं” अशी वाक्यं आपसूक येतात.

अडलंय पुढे. रापणीतला एक तरुण पर्ससीनच्या बोटीवर कामाला जातो, म्हणजे मोठ्या जाळ्याने मासळीचा अख्खा थवा घेरणाऱ्या यांत्रिक बोटीवर, जिच्याशी रापणकरांचं वाकडं असतं. त्याच्या मनातलं ‘आम्ही’ला कळणार कसं? तिथे त्याचा ‘मी’ आणला तर कथा दुभंगते. गावातल्या ऐकीव गोष्टींवर भागवलं तर तो खलनायक वाटू लागतो, आणि ते मला अजिबात नकोय. घरच्या कर्जापायी गेलेला पोर आहे तो.

सामूहिक निवेदन कुणी हाताळलंय का? त्याच्या आईलाच या ‘आम्ही’त घेतलं तर? दिवाळी अंकाला पाठवायची आहे, त्यामुळे पावसाळ्यातच हातावेगळी करावी लागेल. मधली तीन-चार पानं कुणी वाचून रोखठोक सांगेल का? कृपया कळवा.