बॉक्साइटच्या बंद खाणी: झाडं लावायची की सडा परत आणायचा?

सड्यावरचा वाटसरू:
गणपती झाल्यावरच्या रविवारी कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्याच्या सपाट पठारावर, गेलो होतो. तिथली बॉक्साइटची (ज्यापासून अ‍ॅल्युमिनियम काढतात त्या खनिजाची) खाण कधीच बंद पडलीय. खणलेली आणि न खणलेली जमीन यांच्यात फक्त एक दगडी गडगा आहे. अलीकडे जांभ्याच्या कातळावर बोटभर माती आणि त्या मातीत सीतेची आसवं, पांढरे गेंद अशी फुलं, पाणी झिरपतं तिथं दवबिंदू नावाची लालसर कीटकभक्षी वनस्पती. पलीकडे भराव घालून ओळीत लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ. लांबून हिरवीगार दिसते. आत शिरलो तर पायाखाली विळ्यासारख्या वाळक्या पानांचा थर. तो हातानं बाजूला केला, खाली गवताची एक काडी नव्हती. अलीकडे जागोजागी म्हशींचं शेण पडलेलं, पलीकडे एकही पो नाही. धनगरवाड्यावरच्या आजी म्हणाल्या, "तिकडं जनावर तोंड घालत न्हाई बाबा."

म्हणून हा धागा. शाहूवाडी, राधानगरी, चंदगड भागात अशा जागा आहेत आणि दर पावसाळ्यात तिथं वृक्षारोपणाचे फोटो निघतात. माझं म्हणणं सरळ आहे. जिथं मुळात जंगल नव्हतं तिथं जंगल लावणं ही दुरुस्ती नव्हे. सडा हा गवताचा आणि चार महिने जगणाऱ्या फुलांचा प्रदेश. तो परत आणायचा असेल तर माती आणि गवत आधी आणा. सर्वोच्च न्यायालयानं ८ जानेवारी २०२० च्या आदेशात हेच सांगितलंय: खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत आणा, चारा उगवेल अशी ती करून द्या. आदेशात गवत आहे आणि आपण बाभूळ लावतोय.

चंदगडी काजूवाला:
वाटसरू दादा, फुलांवर माझा राग नाही, लहानपणी त्यातच खेळलोय. पण आमच्या गावाजवळची खाण बंद झाली तेव्हा मागं नुसता लाल मुरूम उरला होता. उन्हाळ्यात धुरळा घरात, पावसाळ्यात गढूळ पाणी भाताच्या खाचरात. भराव घालून त्यावर काजू लावला. दोन-तीन वर्षं रोपं तगतात की नाही असं वाटत होतं, आता बी हाताला लागतंय. पोरगं पुण्याला जायचं थांबलं. तुम्ही म्हणता तसं गवत आणलं तर त्यातून घरात काय येणार? ज्यांनी ट्रकांचा धुरळा खाल्ला त्यांचा त्या जमिनीवर पहिला हक्क नको का?

लाल_माती:
मी अशा खाणीवर सर्व्हेचं काम केलंय, म्हणून थोडं आतलं सांगतो. नियमाप्रमाणे वरची माती वेगळी काढून ठेवायची आणि भराव झाला की तीच वर पसरायची. सड्यावर ही माती असते किती? कुठं चार बोटं, कुठं वीत. पोकलेनचा बकेट एवढी पातळ माती वेगळी उचलूच शकत नाही. ती डबरात मिसळते, नाहीतर ढिगात वर्षानुवर्षं पडून राहते आणि त्यातलं बी मरतं. आमच्या साइटवर ढिगाला पाटी होती 'टॉप सॉइल', आत निम्मा जांभा होता. ही गोष्ट मला आजही सलते, कारण मोजमाप मीच घेतलं होतं.

तेव्हा बाभूळ कुणी हौसेनं लावत नाही. निकृष्ट मुरमात तीच जगते, मुळांवाटे हवेतलं नत्र जमिनीत आणते, वर्षभरात उतार धरून ठेवते. उघडा भराव एका आषाढात ओढ्यात जातो, तो मी जाताना पाहिलाय. आधी माती थांबवा, फुलांचं नंतर बघू.

भोगावतीकाठ:
सगळे फुलं की झाडं यावर बोलताय, पाण्याचं काय? जांभा स्पंजासारखा आहे. पाऊस पोटात घेतो आणि जिथं खाली चिकणमाती किंवा काळा कातळ लागतो तिथं झऱ्यातून सोडतो. पायथ्याच्या वाड्या त्या झऱ्यांवर जगतात आणि कासारी, तुळशी, भोगावती याच डोंगरांतून पाणी गोळा करत खाली येतात. खाणीत नेमका हा स्पंजच उचलून नेला जातो. मग वर बाभूळ लावा नाहीतर गेंद, झरा परत येणार नाही. माझं मत, खड्डे बुजवूच नका. तळाला चिकणमाती असते, पाणी टिकतं. कडा उतरत्या करा, एका बाजूनं जनावरांना वाट ठेवा. मार्चमध्ये तिथं पाणी असेल तर गवेसुद्धा गावात उतरणार नाहीत.

कास ते राधानगरी:
मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. वाटसरूंचं मन कळतं, पण 'सडा परत आणा' हे शब्द मला धोक्याचे वाटतात. डेक्कनचा बेसॉल्ट लाखो वर्षं पावसात झिजून वर जांभ्याचं टोपण तयार झालं. त्याच्या भेगा, उथळ डबकी, पावसाळ्यात पाझरणारे पट्टे, प्रत्येक जागी वेगळी वनस्पती. ते टोपण फोडल्यावर आपण फार तर गवताळ माळ करू शकतो, सडा नाही. उद्या कुणी म्हणेल, सडा परत आणता येतो ना, मग हाही खणूया! २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात साताऱ्याच्या कास पठाराबरोबर आपलं राधानगरी अभयारण्यही आहे. ताकद लावायची तर जे सडे शाबूत आहेत ते वाचवायला लावा.

आणि कोणीतरी कर्नाटकातल्या कोलारचं उदाहरण देण्याआधीच सांगते. तिथं २००१ मध्ये सोन्याच्या खाणी बंद झाल्या आणि मागं सायनाइड वापरून सोनं काढल्यावर उरलेल्या दगडाच्या भुकटीचे डोंगर राहिले. बॉक्साइट खाणीत तसलं विष नसतं, लाल चिखल नावाचा घातक गाळ होतो तो बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढणाऱ्या कारखान्यात. म्हणजे आपली जमीन विषारी नाही, उघडी पडलेली आहे. म्हणून काम अवघड असलं तरी करता येण्यासारखं आहे.

सड्यावरचा वाटसरू:
ताई, तुमचा मुद्दा मान्य. 'सडा परत आणा' हे शब्द मी मागे घेतो, 'गवत परत आणा' म्हणतो. लाल_माती, माती धरायला बाभूळच कशाला? आपल्याच डोंगरावरचं गवत उतारावर आडव्या पट्ट्यांनी लावलं तर तेही माती धरतं, शिवाय म्हशी खातात. शेजारच्या सड्यावरचं गवत बी पडायच्या बेतात असताना, ऑक्टोबरात, थोडं थोडं कापून भरावावर पसरायचं. बी तिथंच झडतं. सगळा सडा कापायचा नाही, पट्टा सोडून पट्टा. पैशांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. २०१५ पासून खाणवाल्यांकडून त्यात रक्कम जमा होते आणि पर्यावरण हा त्यातल्या अग्रक्रमाच्या विषयांपैकी एक आहे. ग्रामसभेनं ठराव करून मागितलं पाहिजे.

पण भोगावतीकाठ, खड्डे तसेच ठेवायला माझा विरोध आहे. उभ्या कडांच्या खड्ड्यात जनावर पडलेलं मी पाहिलंय, रात्रभर ओरडत होतं. कडा खरोखर उतरवणार असाल तरच.

लाल_माती:
गवताच्या पट्ट्यांबद्दल शंका आहे. पहिल्या पावसात मूळ धरायच्या आत पट्टा वाहून गेला तर? एक वर्ष कमी उताराच्या जागी करून बघा, लागलं तर मी आखणी करून देतो. बाभूळ सरसकट तोडायला मात्र मी नाही म्हणेन.

चंदगडी काजूवाला:
आमच्या खाणीच्या माथ्यावर दहा-बारा गुंठे अजून मोकळे आहेत, काजू तिथं लागलाच नाही. तिथं गवत लावून बघा, माझी ना नाही, पोरगं मदतीला येईल. काजूला हात लावू देणार नाही. आणि कुंपणाचं आधी ठरवा. रात्री गवे येतात, कोवळं गवत दिसलं की सकाळी काही शिल्लक ठेवत नाहीत.