आर्कसाठी नवा पाळीव डायनासोर : कुठला घ्यावा, कसा माणसाळवावा?

गदाधारी डोडो

नमस्कार मंडळी,

इथे आर्क (डायनासोर पाळायचा व्हिडिओ गेम) खेळणारे बरेच आहेत, म्हणून इथेच विचारतो. आम्ही तिघं मिळून त्याच्या 'सर्व्हायव्हल असेंडेड' आवृत्तीसाठी एक मॉड, म्हणजे गेममध्ये घालायची आपली भर, करायला घेतोय. प्राणी एकच, पण नीट करायचा. आधी डॉसियर, म्हणजे प्राण्याची ओळखनोंद लिहायची, मग डेव्हकिटला (मॉड बनवायच्या सॉफ्टवेअरला) हात लावायचा, एवढं ठरलंय.

घोडं प्राण्याच्या निवडीवर अडलंय. एका मित्राचा हट्ट राजासॉरसचा. गुजरातेतल्या रहिओलीचा, २००३ साली नाव मिळालेला, कपाळावर एक बुटकं शिंग. दिसायला भारी होईल यात वाद नाही. पण त्याची कामं लिहायला बसलं की चावा, धाव, डरकाळी याच्या पुढे गाडी जात नाही.

तुम्ही कुठला प्राणी घेतला असता? आणि पकडायचा कसा? ट्रँक (गुंगीचे) बाण मारून पाडा, झोपवून ठेवायला नार्कोबेरी कोंबा, मांस टाका, हे आता खरंच नको झालंय. भारतातला प्राणी असला तर उत्तम, पण तशी अट नाही.

मॉडवाला आप्पा

राजासॉरस सोडा. तो आणि गेममधला कार्नो (कार्नोटॉरस) दोघंही अबेलिसॉरिड, म्हणजे भावकीतलेच. शेवटी हातात काय येणार, शिंगं बदललेला कार्नो. आणि कार्नो तरी पुढच्या टप्प्यात कोण बाळगतं? रेक्स आला की तो तबेल्यात पडून राहतो.

माझं मत विचाराल तर आधी काम ठरवा, प्राणी नंतर. लोक अँकी पाळतात ते धातूसाठी, डोएडिकुरस दगडासाठी, बीव्हर लाकडासाठी, आर्जेंटाविस ओझ्यासाठी. बेसवर रोज लागणारी पण कंटाळवाणी अशी कुठली गोष्ट आहे जी अजून कोणी धड करत नाही, ते शोधा. तिथे तुमच्या प्राण्याला जागा आहे. मारामारीत जागा शिल्लक नाही.

दुसरं म्हणजे सांगाडा (रिगिंग) आणि अ‍ॅनिमेशन शून्यातून करायला जाऊ नका. गेममधल्या एखाद्या प्राण्याचा ब्लूप्रिंट (तयार साचा) घेऊन त्याचा चाइल्ड, म्हणजे त्यावरून बेतलेली प्रत बनवा, चाल त्याचीच वापरा. पहिल्याच मॉडमध्ये स्वतःचं रिगिंग करायला गेलेली बरीच मंडळी अजून रिगिंगच करतायत.

वरोऱ्याचा पाव्हणा

भाऊ, गुजरातेत काहून जाता? आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातला आयसिसॉरस घ्या ना!

वरोऱ्याकडच्या डोंगरगावात सापडलेला. १९९७ साली जैन आणि बंदोपाध्याय यांनी त्याचं वर्णन छापलं तेव्हा नाव होतं टायटॅनोसॉरस कोलबर्टी. २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी त्याला वेगळं काढून आयसिसॉरस केलं. त्यातलं 'आयएसआय' म्हणजे कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, जिथल्या लोकांनी तो खणून काढला. आख्खा सांगाडा नाही मिळाला. कवटी नाही, मागचे पाय नाहीत. पण जे आहे ते भलतंच आहे. पुढचे पाय लांब आणि मान या लांबमान्यांच्या जातीच्या मानाने आखूड. खांदे वर आणि पाठ मागे उतरती, असंच त्याचं चित्र काढतात. दुरून सावली पाहिली तरी गेममधला ब्रॉन्टो (ब्रॉन्टोसॉरस) नाही हे कळेल.

तिखटमीठ

सॉरी, पण आणखी एक लांबमान्या? ब्रॉन्टो आहे, टायटॅनोसॉर आहे. त्यांनाच उभं करायला बेसवर जागा नसते. वर सर्व्हरवाले टेमच्या (पाळलेल्या प्राण्यांच्या) संख्येवर मर्यादा घालतात. अठरा मीटरचं धूड पाळून मला मिळणार काय? बेरी? त्या ब्रॉन्टो पोत्यांनी देतो.

वरोऱ्याचा पाव्हणा

शेण मिळंल.

हसू नका, खरं सांगतो. डोंगरगावाजवळच पिसदुरा आहे. तिथे शेतात कॉप्रोलाइट निघतात, म्हणजे दगड झालेलं शेण. २००५ साली 'सायन्स'मध्ये त्यावर एक शोधनिबंध आला आणि जगभर गाजला. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी या चौघांनी त्या शेणाचा भुगा सूक्ष्मदर्शकाखाली घातला, तर आत गवताचे फायटोलिथ. फायटोलिथ म्हणजे वनस्पतीच्या पेशीत तयार होणारे सिलिकाचे बारीक कण. पान कुजून जातं, हे कण राहतात, आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचं कूळ ओळखता येतं. त्यात भाताच्या आणि बांबूच्या भाऊबंदांचेही सापडले. तोवर डायनासोर गवत खायचे असं कोणी धरतच नव्हतं, गवताचा पसारा त्यांच्यानंतरचा समजला जायचा. सोबत ताड आणि सूचिपर्णी झाडांचे अवशेषही होते, म्हणजे बाप्पा समोर येईल ते चरत होता.

हे शेण टायटॅनोसॉर गटाचं मानतात, आयसिसॉरस त्याच गटातला. आयसिसॉरसचंच म्हणून त्यावर शिक्का नाही, पण गेमपुरतं तेवढं चालून जातं.

मॉडवाला आप्पा

हे बेस्ट आहे. आर्कमध्ये शेणाला आधीच किंमत आहे. कंपोस्ट बिनमध्ये थॅचसोबत (गवताच्या काड्यांसोबत) टाका की खत, नाहीतर डंग बीटलला द्या. पण बियांसाठी अजूनही बरंच हिंडावं लागतं. तुमच्या प्राण्याला ज्या भागात चरायला सोडाल तिथल्या बिया त्याच्या शेणातून मिळू द्या. नदीकाठी चरला तर लाँगग्रास, डोंगराळ भागात रॉकॅरट, ही गेममधली पिकं. खतासकट बी हातात, थेट क्रॉप प्लॉटमध्ये. असं दोन्ही एकत्र देणारा दुसरा प्राणी मला तरी माहीत नाही.

मात्र पोटात एका वेळी एकाच भागाचा चारा मोजा. नाहीतर लोक त्याला नकाशाभर फिरवून सगळ्या बिया एका खेपेत काढतील.

तिखटमीठ

ओके, शेणावर माझी हरकत मागे. आकाराची कायम आहे.

अंड्याची पोळी

उशिरा आले धाग्यावर, पण पकडायच्या प्रश्नावर कोणी बोललेलं दिसत नाही. मी भूशास्त्रवाली, नागपूरची, त्यामुळे थोडं पाल्हाळ सहन करा.

गेममध्ये अंड्यांचा एकच खेळ आहे, चोरी. वायव्हर्न, रॉक ड्रेक, मॅग्मासॉर, सगळीकडे अंडं उचला आणि पळा. तुम्ही उलटं करा. अंड्यांची राखण करू द्या.

याला खडकात आधार आहे. गुजरातेतल्या धोली डुंगरीला टायटॅनोसॉरच्या घरट्यात एक साप सापडला, सनाजेह इंडिकस. जीवाश्म आमच्या धनंजय मोहबे यांनी शोधला, ते तेव्हा जिऑलॉजिकल सर्व्हेत होते. त्यातली काही हाडं सापाची आहेत हे मात्र बऱ्याच वर्षांनी उलगडलं आणि २०१०मध्ये नाव मिळालं. साप साडेतीन मीटर. एका फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, बाजूला अर्ध्या मीटरचं पिल्लू, आणि शेजारी दोन न फुटलेली अंडी. त्याचा जबडा आजच्या अजगरासारखा वाट्टेल तेवढा उघडणारा नव्हता, म्हणून आख्खं अंडं गिळणं त्याला जमत नसावं. पिल्लू बाहेर पडायची वाट बघायचा आणि मग झडप.

आणि आईबाप? मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातल्या घरट्यांवर २०२३च्या जानेवारीत शोधनिबंध आला. ९२ घरटी, २५६ अंडी, एकेक अंडं साधारण १५ ते १७ सेंटिमीटरचं. घरटी इतकी खेटून की एवढ्या मोठ्या जनावराला मधून पाय टाकायला जागाच नाही. म्हणजे अंडी घालून, पुरून मोठे निघून जात असावेत असा कयास आहे.

आता गेममध्ये आणा. मालक नसलेलं घरटं, फुटायला आलेली अंडी, आणि चहूबाजूंनी सरपटत येणारे सनाजेह. खेळाडूने रात्रभर उभं राहायचं. जेवढी पिल्लं वाचतील त्यातलं एक त्याच्यावर इम्प्रिंट होणार, म्हणजे त्यालाच आपलं मानणार. बेशुद्ध करणं नाही, कोंबून खाऊ घालणं नाही. सनाजेह पाळता येणार नाही असंच ठेवा. टायटॅनोबोआ आहे की, अजून एक साप कशाला.

तिखटमीठ

हा भाग मला आवडला आणि म्हणूनच मोडून दाखवतो. मी घरट्याभोवती दगडी भिंत उभारणार, दार लावणार, आणि आत चहा पीत बसणार.

अंड्याची पोळी

@तिखटमीठ, अंडी उथळ खड्ड्यात पुरलेली असतात, ऊब मातीची आणि उन्हाची. जवळ फाउंडेशन (बांधकामाचा पाया) टाकलं की तापमान ढासळतं, अंडी गेली. शेकोटी चालेल, पण तीही जवळ आणली तर करपतील. तुम्ही आणि तुमचा भाला, झालं.

मॉडवाला आप्पा

पीव्हीपीत (खेळाडू विरुद्ध खेळाडू प्रकारात) शेजारची टोळी येऊन अंडी फोडणार, हे गृहीत धरा. त्याला बंदी घालू नका, उलट तीच गंमत आहे. फक्त एक घरटं एका टोळीने धरलं की इतरांना ते लांबून दिसू नये.

आकाराबद्दल : पिल्लू मोठं व्हायचा वेग खेळाडूच्या हाती द्या. अर्धवट वयात थांबवता येईल असा पर्याय ठेवा. अर्ध्या वाढीचा आयसिसॉरस बेहेमॉथ गेटविना (अवाढव्य दरवाज्याविना) आत-बाहेर करेल, शेण कमी देईल. पूर्ण वाढवायचा की नाही, ज्याचं त्याने बघावं.

गदाधारी डोडो

मंडळी, राजासॉरसवाला मित्रही गप्प झालाय. आत्तापुरता मसुदा :

*प्रजाती : आयसिसॉरस कोलबर्टी. काळ : क्रिटेशसचा शेवट. आहार : शाकाहारी. स्वभाव : बेफिकीर.*

*रानात : दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या काळातलं हे जनावर. अंडी पुरतं आणि मागे वळून बघत नाही. घरट्यांपाशी मी जे साप पाहिले, ते अंड्यांना तोंड लावत नाहीत. ते थांबतात.*

*पाळल्यावर : टोळ्या याला लढाईला नेत नाहीत. सकाळी चरायला सोडतात आणि संध्याकाळी मागून टोपली घेऊन फिरतात.*

कवटी सापडलेली नसल्यामुळे डोकं दुसऱ्या टायटॅनोसॉरवरून बेतणार, शिंगबिंग काही नाही. मित्राला एकच सवलत दिली आहे, घरट्याच्या रात्री लांबून राजासॉरसची डरकाळी ऐकू येईल. तो दिसणार नाही.

राहिला प्रश्न खोगिराचा. पाठ उतरती असल्यामुळे ब्रॉन्टोचा प्लॅटफॉर्म बसत नाही.

वरोऱ्याचा पाव्हणा

मंग प्लॅटफॉर्म देऊच नका. खांद्यावर एकाची बसायची जागा आणि मागे दोन्ही बाजूंना टोपल्या. उतरतीवर माल मागेच सरकतो.

तिखटमीठ

टोपलीतल्या शेणाचं वजन अर्ध्याने कमी मोजा, नाहीतर कोणी आणणार नाही. आणि टेस्टिंगला माणूस लागला तर मी आहे. भिंत बांधून बघणारच.