मदत हवी आहे : कोंडीवर हिरवी साय, दोष खताचा की जांभ्याचा?

नमस्कार मंडळी,

लांजा तालुक्यात मुचकुंदीला मिळणाऱ्या एका पऱ्याकाठी आमची वाडी आहे. पावसाळ्यात पऱ्या दोन्ही काठ भरून वाहतो, शिमग्यानंतर धार तुटते, मग उरते ती एक कोंड, म्हणजे खोल डोह. गुरांचं पाणी, वाडीची धुणी, पोरांचं पोहणं सगळं तिच्यावर.

गेली ३ वर्षं मार्च लागला की कोंडीवर हिरवी साय धरते. यंदा पहाटे गुरं घेऊन गेलो तर मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. ऊन चढल्यावर खाली गेले. दोन दिवसांनी त्यातलेच काही उलटे तरंगत होते. ते बघून राहवेना, म्हणून लिहितोय.

वाडीत दोन तट पडलेत. खालची माणसं म्हणतात, कातळावर कलमं लागली तेव्हापासूनचं हे दुखणं. बागवाले म्हणतात, जांभ्याचं पाणी पहिल्यापासून असंच. मी दोन्हीकडचा. वर माझी ४० कलमं आहेत, खाली भाताची खाचरं, आणि माझी आईही त्याच कोंडीवर धुणं धुते. कलमांना मिरगाच्या तोंडावर बुंध्याभोवती चर मारून शेणखत, युरिया आणि सुपर फॉस्फेट देतो. भाताला लावणीनंतर युरिया फोकतो, आणि पुष्कळदा त्याच रात्री खाचरं भरून वाहतात. माझंच खत कोंडीत जात असेल तर मला ते कळायला हवं.

गोंधळ असा, की झऱ्याच्या तोंडाशी तांबूस गाळ आणि तेलासारखा तवंग असतो, तो मी लहानपणापासून बघतोय. वर देवराई आहे, तिथून पहिल्या पावसात चहाच्या रंगाचं पाणी येतं. शिवाय दोन वर्षांपूर्वी गाळ काढताना काठची करंजं आणि शेरणीची झुडपं जेसीबीखाली गेली. यातलं निसर्गाचं किती आणि आमचं किती, हे कसं ओळखायचं? पाणी कधी, कुठून घेऊन तपासावं?

प्रतिसाद

दादा, आधी तवंगाला काठी लावा. तेल असेल तर परत जुळून येतं. काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर ते लोहजिवाणूंचं काम, जांभ्यातल्या लोहामुळे होतं. चहाचा रंग कुजलेल्या पाल्याचा. या दोन्हींबद्दल बागवाले खरं बोलतात.

हिरवी साय म्हणजे शेवाळ, ते मात्र नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरदावर (फॉस्फरसवर) पोसतं. जांभ्याची माती स्फुरद घट्ट धरते, त्यामुळे तो मातीसोबत, लाल पाण्यातून जातो. नायट्रेटला ती धरत नाही, ते पावसाबरोबर झिरपून जातं. काठची झाडी दोन्ही अडवायची, ती गेल्याचं नुकसान मोठं आहे. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच वापरतं, म्हणून मासे पहाटे गुदमरतात. तळाच्या गाळात प्राणवायू संपला की तिथे अडकलेला स्फुरदही सुटतो. त्यामुळे खत आवरलंत तरी कोंड लगेच निवळेल असं धरू नका. धुण्याची पावडर आणि शेणही हिशेबात घ्या.

नमुने तीन ठिकाणचे घ्या : देवराईखाली पण बागांच्या वर, खाचरांच्या खाली पण धुण्याच्या दगडाच्या वर, आणि कोंडीतून. एकदा आत्ता, एकदा पहिल्या लाल पाण्यात, एकदा खत दिल्यानंतरच्या पावसात. जलजीवन मिशनचा तपासणी किट ग्रामपंचायतीत विचारा, त्यात नायट्रेट आणि लोह कळतं. फॉस्फेट प्रयोगशाळेत मुद्दाम सांगून करून घ्या. नायट्रेटची लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा पिण्याच्या पाण्याची आहे, शेवाळाला त्याहून खूप कमी पुरतं. तेव्हा अहवालात ‘योग्य’ आलं म्हणून थांबू नका.

भाताला युरिया फोकण्याऐवजी युरिया-डीएपीच्या गोळ्या वापरून बघा. चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायच्या, म्हणजे वरून वाहणाऱ्या पाण्याला खत सापडत नाही.

धागाकर्ता

काठी लावली, तुकडे झाले. बागवाल्यांना तसं सांगितलं, आणि सायीचंही सांगितलं. दोघे नमुने घ्यायला सोबत येतो म्हणाले. गोळ्या यंदा निम्म्या खाचरांत वापरतो.

एक राहिलं. काठावर शेरणी परत आणायची तर फांद्या खोचून जगतात का, की रोपंच लागतील? मिरगाआधी कुणी सांगितलं तर बरं होईल.