ब्लेझ बेलीला आपण उगाच बदनाम केलं का?

विरारचा बेसवाला
काल चर्चगेटहून येताना आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडचा 'द एक्स फॅक्टर' (१९९५) हा अल्बम सलग ऐकला. पहिलंच 'साइन ऑफ द क्रॉस' अकरा मिनिटांचं, मुंबई सेंट्रल आलं तरी चालूच. नालासोपाऱ्याला अल्बम संपला. गायक ब्रूस डिकिन्सन १९९३ मध्ये बँड सोडून गेला, त्याच्या जागी ब्लेझ आला आणि बँड बुडाला, हे सगळे पाठ केल्यासारखं बोलतात. यातले किती जण हा अल्बम शेवटपर्यंत ऐकतात? इतका काळोखा मेडन आधी नव्हता आणि तो काळोख ब्लेझच्याच गळ्याला शोभतो.

दादर स्लो
काळोख कसला, कंटाळा म्हण! ब्रूसचा 'नंबर ऑफ द बीस्ट' अल्बम इंग्लंडात पहिल्या नंबरावर होता, ब्लेझचा 'व्हर्च्युअल इलेव्हन' (१९९८) सोळाव्या. 'एंजल अँड द गॅम्बलर'मध्ये तीच ओळ इतक्यांदा येते की आमच्या आईने विचारलं, कॅसेट अडकली का रे?

विरारचा बेसवाला
आईंशी सहमत. त्या गाण्याची वकिली मी करणार नाही. पण त्याच अल्बमवर 'द क्लॅन्समन' आहे, ते सोयीस्कर विसरलास.

काळी चार
मी गाण्याच्या क्लासला जाते म्हणून बोलते. दोष पट्टीचा आहे. ब्लेझचा गळा खर्जातला, भरदार. ब्रूस तार सप्तकात सहज फिरतो. नवा गायक आला की त्याचा सूर बघून पट्टी उतरवायची, हे आमच्या बाई पहिल्याच दिवशी सांगतात. इथे गिटारी जुन्याच पट्टीत. लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये जुन्या गाण्यांत त्याची फरफट ऐका, कीव येते. बँड चालवणाऱ्या बेसिस्ट स्टीव्ह हॅरिसला कुणी बोलत नाही!

दादर स्लो
म्हणजे गायक चुकीचा निवडला. मी वेगळं काय म्हणतोय?

काळी चार
गायक निवडला ते ठीक, मग त्याच्यासाठी गाणी बांधायची. 'साइन ऑफ द क्रॉस'ची सुरुवात तशी बांधलीय, म्हणून तर अंगावर येते.

बीकेसीची धूळ
१ फेब्रुवारी २००८, बीकेसीचं मैदान, मेडनची कॉन्सर्ट. ब्रूस स्वतः विमान चालवत मुंबईत आला होता. ब्लेझचं एकही गाणं वाजलं नाही आणि कुणाला चुकलंही नाही. विषय संपला.

विरारचा बेसवाला
अहो, तो दौराच ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा होता! 'फिअर ऑफ द डार्क' तेवढं अपवाद. मीही होतो तिथे, बूट दोन दिवस झटकत होतो. 'रॉक इन रिओ' हा लाइव्ह अल्बम ऐका, ब्रूसने परत आल्यावर 'क्लॅन्समन' आणि 'साइन ऑफ द क्रॉस' दोन्ही गायलीत. टाकाऊ असती तर त्याने हात लावला असता?

दादर स्लो
बरोबर. आणि ब्रूसने गायल्यावरच ती उभी राहिली. माझाच मुद्दा झाला की.

काळी चार
'क्लॅन्समन' देते तुला. 'साइन ऑफ द क्रॉस' नाही. ब्रूसची सुरुवात फार स्वच्छ वाटते मला.

बीकेसीची धूळ
ब्रूसच्या आधीचा गायक पॉल डिआनो, त्याचं नाव अजून कुणी काढलं नाही? पहिले दोन अल्बम काय शेजाऱ्याने गायले?