जांघेतला नायटा जातो आणि परत येतो, मदत हवी आहे

अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात. आमच्याकडे जावईही नाही, म्हणून इथे विचारतोय.

चार महिन्यांपूर्वी जांघेत नाण्याएवढा लाल चट्टा उठला. कडेला बारीक पुटकुळ्या, मधली त्वचा जवळजवळ साफ. खाज अशी की झोपेतही हात तिथेच. मित्राकडे एक अर्धी ट्यूब पडली होती, ती लावली. तिसऱ्या दिवशी खाज गायब! बंद केलं, आठवड्यात परत हजर. मग हेच चक्र. आता चट्टा मांडीवर तळहाताएवढा पसरलाय, गोल कडही उरली नाही, नुसता काळपट डाग. ट्यूबवर लिहिलंय: क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनाझोल. त्यात बुरशीचं औषध आहे ना? मग बरं का होत नाही?

प्रतिसाद १
गडबड पहिल्या नावात आहे. क्लोबेटासोल हे जोरदार स्टेरॉइड. खाज आणि लाली म्हणजे तुमच्या त्वचेने बुरशीशी मांडलेलं भांडण. स्टेरॉइड ते भांडण मिटवतं, बुरशीला रान मोकळं. म्हणून कड पुसली गेली. जांघेत असं मलम फार दिवस लावलं तर कातडी पातळ होऊन कायमचे पट्टे पडतात, तेव्हा ते थांबवा. सुरुवातीला खाज उसळेल, घाबरू नका. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना ती ट्यूब सोबत न्या, लपवू नका. ते कडेची पापडी खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील.

प्रतिसाद २
मला दोनदा झाला होता. पहिल्या वेळी डाग दिसेनासा झाला त्याच दिवशी मलम सोडलं, हीच चूक. साधं बुरशीचं मलम (मला टर्बिनाफिन दिलं होतं) डागाच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावायचं, आणि डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं. तुमचा पसरलाय, तेव्हा बहुधा गोळ्याही देतील. त्या मनाने घेऊ नका. यकृताचा त्रास किंवा दुसरी औषधं चालू असतील तर आधी सांगा. मधुमेहही तपासून घ्या.

बाकी आंघोळीनंतर जांघ कोरडी करा, पण त्याच टॉवेलने पूर्ण अंग पुसू नका. घट्ट जीन्स काही दिवस विसरा. घरात आणखी कुणाला खाज आहे का?

धागाकर्ता
धन्यवाद. ट्यूब आजपासून बंद.

टॉवेलचं वाचून भावाला विचारलं, कारण आम्ही दोघं एकच वापरतो. आधी नाही म्हणाला. मग शर्ट वर केला. कमरेच्या पट्ट्याखाली तसाच गोल, महिन्याभरापासून! वर म्हणतो, "तुझ्या ट्यूबने बराच आराम पडला होता." उद्या दोघंही जातोय डॉक्टरांकडे.